थापी घेऊन दर्शनाला

माझा धंदा सेंट्रिंगचा. स्लॅब टाकायच्या आधी खाली लोखंडी प्लेटा अन् बल्ल्या लावायच्या, स्लॅब पक्का झाला की काढून आणायच्या. दर कामानंतर प्लेटीला थोडं सिमेंट चिकटून येतंच. कितीही खरवडा, थोडं उरतं. गोष्टींचंही तसंच आहे. ज्या घरी गेलो तिथलं काही ना काही चिकटून येतं. मोहल्ल्यात म्हणतात, "गजूभाऊले सोताच्या घरातलं कमी अन् लोकाच्या घरातलं जास्त माहीत!" खोटं कशाला बोलू, आहे माहीत.

पण मागच्या फेब्रुवारीत मी अठरा दिवस नेपाळात राहून आलो. आमच्या पांढरकवड्याच्या सात ख्रिस्ती माणसांबरोबर, तिथल्या एका डोंगरातल्या गावात चर्च बांधायला. तेव्हापासून पानठेल्यावर बसलो की कोणीतरी म्हणतंच, "गजूभाऊ, ते नेपाळवालं सांगा ना." एका बैठकीत ते पुरं होत नाही. अर्धं सांगून होतं तोवर गिऱ्हाईक येतं, नाहीतर बायकोचा फोन. म्हणून या वेळी लिहूनच काढतो.

०००

आधी याकोबदादा कोण ते सांगायला पाहिजे. ते माझे शेजारी. त्यांच्या अन् माझ्या अंगणात एकच भिंत, तीही छातीइतकी. वय सहासष्ट, काम गवंड्याचं. आमच्या गल्लीतली दहापैकी सहा घरं त्यांच्या हातची. शाळेच्या खोल्या त्यांनी बांधल्या, मारुतीच्या पारालाही चौथरा त्यांनीच घातला. फक्त स्वतःच्या देवाचं घर बांधायचा योग कधी आला नाही. गावातलं त्यांचं देऊळ दगडी, आजोबाच्या काळातलं. (आमच्याकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात.) तिथं याकोबदादाच्या वाट्याला आला तो दर नाताळाचा चुना!

म्हणून त्यांच्या देवळाच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी उपासनेत सांगितलं, की नेपाळातले काही विश्वासी टिनाच्या शेडमध्ये प्रार्थना करतात, त्यांना देऊळ बांधून द्यायला पुरुषमंडळातली माणसं पाहिजेत, तेव्हा पहिला हात याकोबदादांचा वर गेला.

"एक भिंत," ते मला अंगणातून म्हणाले. "आपल्या देवाच्या घराची, आपल्या हातची एक भिंत. मंग थापी ठेवली खाली."

मंडळात गवंडी होते, सुतार होता, वायरिंगवाला सॅमसनभाऊ होता. तोच टीमचा लीडर. दारं-खिडक्यांवरच्या बीमसाठी सेंट्रिंगवाला पाहिजे होता, तो नव्हता. पाळकसाहेब माझ्या घरी आले. चहा झाला. मग जरा अडखळत म्हणाले, "गजाननराव, काम चर्चचं आहे. तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, "मले चालते. तुमच्या देवाले मी चालतो का, ते विचारून घ्या."

पाळकसाहेब हसले. "आमचा देव सुताराच्या घरचा. कामाचा माणूस त्याला चालतोच."

बायकोला, आमच्या शोभाला, सांगितलं तर ती म्हणाली, "लोकाच्या घरात डोकावून पोट नाही भरलं, आता लोकाच्या देशात चालले!"

०००

पण मी नुसता चौकशीपायी गेलो नव्हतो. मला एक गोष्ट माहीत होती, जी टीममध्ये कोणालाच माहीत नव्हती.

निघायच्या दोन महिने आधी मी भिंतीवरून पाहिलं. याकोबदादा चहा ओतून घेत होते अन् कपाच्या काठावर अंगठा धरून होते. चहा अंगठ्याला लागला की थांबायचे. मला चैन पडेना. ते बाहेर गेले तसा मी त्यांच्या बायकोला, मार्थाकाकूंना, गाठलं. त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "काचबिंदू झाला ना बापा त्यायले. एक डोळा गेला, दुसरा अर्धा. डॉक्टर म्हणते जे गेलं ते परत येत नाही, अन् उरलं ते किती दिवस टिकते सांगता येत नाही."

"मंग नेपाळले कसे जाते?"

"म्हणूनच तं जाते!" काकू म्हणाल्या. "अजून थोडं दिसते तोवर. भाऊ, कोणाले सांगू नका. समजलं तं नेणार नाहीत त्यायले, अन् तो माणूस इथं बसल्या जागी मरन. तोंडाले कुलूप लावा."

मी म्हटलं, "लावतो काकू. चावी तुमच्याजवळ ठेवा."

"चावी नाहीच ठेवली," काकू म्हणाल्या. "नुसतं कुलूप लावा!"

०००

नागपुरातून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौलीची सरहद्द, अन् सरहद्द पायी ओलांडायची. माझा हा पहिला परदेश. मला वाटलं होतं नदी असेल, डोंगर असेल. एक कमान होती, अन् कमानीच्या दोन्ही बाजूला सारखेच समोसे!

तिथं एका शिपायानं आमच्या बॅगा उघडायला लावल्या. पहिल्या बॅगेत थाप्या. दुसरीत थाप्या, ओळंबा, दोरी. तिसरीत हातोडे. चौथी माझी, तिच्यात एक पाना, खिळे ओढायची पकड अन् वर एक नारळ.

त्यानं आम्हा आठ जणांकडे पाहिलं. "कहाँ जा रहे हो आप लोग? दर्शन को या ठेकेदारी को?"

सॅमसनभाऊनं कागद काढायला सुरुवात केली, हे पत्र, ते पत्र. घाम फुटला होता बिचाऱ्याला. तेवढ्यात मागून याकोबदादा शांतपणे म्हणाले, "साहब, दर्शन को ही जा रहे. बस, मंदिर पहले बनाना पड़ता!"

शिपायानं हसत बॅग बंद केली. नारळाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "यह आदमी तैयारी से आया है."

०००

नारळाचं सांगून टाकतो. तो शोभानं दिला होता. पाया खोदायचा अन् नारळ फोडायचा नाही, हे आमच्या घरात कोणाला पटत नाही. पण हे देऊळ माझं नव्हतं. गावात पोचल्यावर आमच्या टीमनं पायाच्या जागी उभं राहून प्रार्थना केली, टोप्या काढून, डोळे मिटून. मीही हात जोडून उभा राहिलो. नारळ झोल्यात, झोला खांद्याला, अन् मनात चुटपुट.

प्रार्थना झाल्यावर याकोबदादा म्हणाले, "गजू, झोला काहून सांभाळून राह्यला एवढा?"

सांगावं लागलं. सॅमसनभाऊ अवघडला. तो मनाचा चांगला, पण नियमाचा पक्का. म्हणाला, "गजूभाऊ, आपल्यात ते नाही ना चालत."

"पायावर नको फोडू," याकोबदादा म्हणाले. "तिकडं त्या दगडावर फोड, अन् सगळ्यायले वाट. भुकेल्याले खाऊ घालायले कोणाच्याच देवाची ना नसते. फोडताना मनात काय म्हणतं, ते तुहं तू पाह्य."

मी फोडला. त्या डोंगरात ओला नारळ कोण आणतो? लेकरं, बाया, म्हातारे, सगळे तुकड्यासाठी आले. तिथले पास्टर धनबहादुर, आमच्यापेक्षा वयानं लहान, फार गोड माणूस, त्यांनी तुकडा दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले अन् विचारलं, "यह महाराष्ट्र के चर्च का नियम है क्या? बहुत अच्छा नियम है!"

सॅमसनभाऊनं कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाला नाही.

०००

आता आमची फजिती. आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते. वरवर पाया घातला तर तीन वर्षांत भिंत तडकते. म्हणून चार फूट खाली गेल्याशिवाय आमच्या गवंड्याला झोप येत नाही. हे आमच्या हाडात बसलंय.

तिथंही आम्ही दोरी लावली, चुना टाकला अन् कुदळी घेतल्या. फुटभर खाली गेलो तर मुरूम लागला, असा कडक की कुदळ टणकन उडायची. थांबावं की नाही? कोणी विचारलंच नाही! आठ माणसं दोन दिवस तो मुरूम फोडत राहिली. हाताला फोड आले. गावातली माणसं काठावर बसून बघायची, बाया चहा आणायच्या, अन् सगळे फार आदरानं गप्प.

चार फूट झाल्यावर सॅमसनभाऊ धापा टाकत म्हणाला, "पास्टरजी, अब आया मजबूत पाया!"

पास्टर धनबहादुर म्हणाले, "पाया? पाया तो एक फुट पर ही मजबूत था. हमने सोचा, आप लोग पहले कुआँ खोदते हैं!"

सगळ्यात जोरात याकोबदादा हसले. मग खाली उतरले, मुरमावर हात फिरवला अन् म्हणाले, "देवानं पाया आधीच घालून ठेवलता. आपण खोदून पाह्यला, एवढंच."

०००

दुसरी फजिती एकट्या माझी. पांढरकवड्यात बांधकामाला दिवसातून तीनदा पाणी मारावं लागतं, नाहीतर उन्हात सिमेंट करपतं. मी सवयीनं तिथंही सकाळ-दुपार-संध्याकाळ भिंती न्हाऊ घालत होतो. एक दिवस पहाटे पाहिलं तर भिंतीवर पातळ बर्फ!

एक म्हातारी रोज आमचं काम बघायला यायची. तिनं काही न बोलता घरून कडब्यासारखं गवत आणलं अन् भिंतीला शाल पांघरावी तसं लपेटलं. मग माझ्या हातातली बादली काढून घेतली. पास्टरांनी तिचं बोलणं आम्हाला समजावून सांगितलं. ती म्हणत होती, "इस आदमी को दूर रखो. दीवार को निमोनिया हो जाएगा!"

०००

आता खरी गोष्ट.

वडीलधारे म्हणून याकोबदादांना समोरची भिंत दिली होती, वेदीच्या मागची. देवळात शिरलं की डोळे पहिल्यांदा जातात तीच. भिंतीच्या कामाच्या तिसऱ्या दिवशी ते हात धुवायला गेले तेव्हा मी गुपचूप ओळंबा सोडला. भिंत छातीइतकीही झाली नव्हती अन् वरच्या थरांत बोटभर बाहेर गेली होती.

वळून पाहतो तर मागं सॅमसनभाऊ.

"बोटभर?" तो म्हणाला. "याकोबदादाची भिंत?"

काय लपवणार? सांगितलं. तो विटांच्या ढिगावर बसला. मग म्हणाला, "तुम्हाले कधीपासून माहीत होतं?"

"दोन-अडीच महिन्यापासून."

"अन् तुम्ही कोणालेच नाही सांगितलं?" त्याचे डोळे मोठे झाले. "तुम्ही?"

त्यानं बाकीच्यांना सांगितलं, तर त्यांचंही तेच! डोळ्याचं ऐकून सगळे हळहळले, पण अडीच महिने गजूभाऊ गप्प होता यावर कोणाचा विश्वास बसेना.

मग ठरलं. याकोबदादांना जेवण झाल्यावर पास्टरांच्या ओसरीत अर्धा-पाऊण तास पडायची सवय होती, टोपी तोंडावर घेऊन. तेवढ्यात आम्ही वर जायचं. थंडीमुळे सिमेंट-वाळूचा माल लवकर धरत नव्हता. आदल्या दुपारपासूनचे तीन-चार थर हलक्या हातानं काढायचे, विटा पुसायच्या अन् ओळंब्यात परत बसवायच्या. सॅमसनभाऊ वायरिंगवाला खरा, पण जवानीत याकोबदादांच्याच हाताखाली शिकलेला. तो वीट बसवायचा, मी दोरी धरायचो.

एक जण कंटाळून बोलला, "एवढं होतं तं ह्या वयात कायले आणलं बुढ्याले?"

सॅमसनभाऊनं मान वर केली नाही. "तुह्या घराची भिंत कोणं घातली?"

"त्यायनंच."

"उभी आहे ना अजून? मंग वीट दे."

नऊ दिवस हे चाललं. याकोबदादा ओसरीतून उठून यायचे, थापी उचलायचे, तळहातानं सकाळचा थर चाचपायचे अन् पुढचा घालायला लागायचे. मध्येच गुणगुणायचे. आम्हाला वाटलं, माणूस सुखात आहे.

०००

भिंत पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे छताचे टिन आणायला खाली गेले. वर आम्ही दोघंच. मी सेंट्रिंगच्या फळ्यांचे खिळे काढत होतो. याकोबदादांनी हाक मारली.

"गजू, इकडं ये. ओळंबा धर."

मी धरला.

"किती सुटला सांग. मले दोरी दिसून नाही राह्यली."

स्वतःच्या तोंडानं ते पहिल्यांदा बोलले. मी ओळंबा नीट धरला. वर पाहिलं, खाली पाहिलं. दोरी भिंतीला अशी समांतर की जणू आखली आहे. मी खरं ते सांगितलं, "काहीच नाही दादा. केसाइतकाही फरक नाही."

त्यांनी तळहात वरून खालपर्यंत फिरवला, हळूहळू. मग म्हणाले,

"मंग ही भिंत माही नाही."

मी ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागलो.

"जेवल्यावर मले झोप लागते असं वाटलं का तुम्हाले?" ते म्हणाले. "टोपी डोळ्यावर असते, कानावर नाही. सॅमसन वीट बसवताना दोनदा ठोकते. पोरगा होता तवापासून सांगून राह्यलो त्याले, एकदाच ठोक. ऐकलंच नाही त्यानं कधी."

"मंग तुम्ही बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तुम्ही थांबले असते. अन् वाकडी भिंत तशीच राह्यली असती." त्यांनी थापी धुतली, पालथी घालून पाणी निथळू दिलं, फडक्यानं पुसली. "देवाच्या घराची भिंत सरळ पाहिजे गजू. माही असो का नसो."

थापी बॅगेत गेली. पुढचे दोन दिवस त्यांनी फक्त विटा उचलून दिल्या. मी सॅमसनभाऊला सगळं सांगितलं. हे मात्र मला ठेवता आलं नाही. तो एका कडेला जाऊन बसला, अन् जेवायला आला नाही.

०००

निघायच्या आदल्या दिवशी टिन चढले, दार बसलं. राहिली फक्त दारापुढची पायरी. आम्ही सगळे पास्टरांकडे जेवत होतो. ओसरीत पाहिलं तर याकोबदादांची चटई रिकामी.

मग वरून आवाज आला. ठक्. थोडं थांबून, ठक्. एकदाच, एका दगडाला एकदाच.

सॅमसनभाऊ ताटावरून उठला अन् धावला, त्याच्या मागं आम्ही. याकोबदादा दारापुढं मांडी घालून बसले होते. डोळे चक्क मिटलेले. बाजूला मालाचं घमेलं. दगड हातात घ्यायचे, चारी बाजूंनी अंगठा फिरवायचे, बसवायचे, थापीच्या मुठीनं एकदा ठोकायचे.

आमच्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "इकडं कोणी यायचं नाही. जेवा जाऊन."

एक जण पुढं व्हायला लागला तर सॅमसनभाऊनं त्याच्या दंडाला धरलं. आम्ही तसेच उभे राहिलो, हात न धुतलेले. तास-दीड तास लागला त्यांना.

पायरी झाली. एका बाजूला उतरती होती. लांबूनही कळत होतं, दोन बोटं तरी असेल. आठ माणसांत सपाटी बघायच्या तीन लेव्हल-पट्ट्या होत्या, पण त्या दिवशी कोणाच्याच पिशवीतून लेव्हल निघाली नाही. याकोबदादा उठले, माल लागलेले हात पॅन्टला पुसले अन् म्हणाले, "ह्याले कोणी हात लावायचा नाही. ना जेवणाआधी, ना जेवणानंतर!"

०००

आता त्यांचा दुसरा डोळाही जवळजवळ गेला आहे. माणसं आवाजावरून ओळखतात. मला तर पावलावरूनच, कारण मी दिवसातून चारदा जातो.

पोळ्याच्या सुमारास एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. मार्थाकाकू, सॅमसनभाऊ, मी. सॅमसनभाऊचा फोन वाजला. पास्टर धनबहादुर. स्पीकर लावला. देऊळ कसं आहे, माणसं किती येतात, सगळं झालं. मग ते म्हणाले, "एक बात पूछनी थी. वह बाहर की सीढ़ी किसने बनाई थी?"

सॅमसनभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे. काकूंनी खाली मान घातली.

"क्यों पास्टरजी?" सॅमसनभाऊनं हळूच विचारलं. "कुछ हुआ क्या?"

"अरे, यहाँ इतनी बारिश हुई! सबकी सीढ़ी पर पानी रुकता है, काई जमती है, बूढ़े लोग फिसलते हैं. हमारी सीढ़ी पर एक बूँद नहीं रुकती, सब एक तरफ़ से बह जाता है. ऊपर के गाँववाले भी देखने आए थे. उनको भी वैसी ही बनानी है. मिस्त्रीजी से पूछकर बताइए ना, ढलान कितना रखना है?"

फोनमध्ये पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

याकोबदादांनी कप खाली ठेवला.

"दोन बोटं सांग त्यायले," ते म्हणाले. "जास्त नको."